खिशातल्या संगीतयंत्रांची स्पर्धा: विजय चाकाचा की आणखी कशाचा?

मृण्मयी:

नमस्कार मंडळी. मी पुण्यातील एका महाविद्यालयात प्रॉडक्ट डिझाइन शिकवते. पुढच्या सत्रात दुसऱ्या वर्षाच्या वर्गासाठी खिशात मावणाऱ्या डिजिटल संगीतयंत्रांचे, म्हणजे ज्यांना आपण सरसकट एमपीथ्री प्लेअर म्हणत होतो त्यांचे, एक लहानसे प्रदर्शन मांडण्याचा विचार आहे. वर्गातील बहुतेक मुलांनी असे यंत्र कधी हातात धरलेले नाही, म्हणून ती काचेच्या कपाटात न ठेवता टेबलावर मांडून वापरायला द्यावीत, असे मी ठरवले आहे.

आतापर्यंत चार यंत्रे जमली आहेत. पहिले आयरिव्हरचे, तिकोनी लोलकासारखे, एका पेन्सिल सेलवर चालणारे. त्याची इवलीशी दांडी अंगठ्याने ढकलली की अजूनही टक्कन जागेवर येते. दुसरे २००३ सालचे आयपॉड, ज्याच्या चाकाच्या वर लाल उजळणारी चार बटणे एका ओळीत आहेत. तिसरे क्रिएटिव्हचे झेन मायक्रो, मधोमध उभी स्पर्शपट्टी असलेले. चौथ्यावर कोणत्याच कंपनीचे नाव नाही. त्याच्या पाठीवरचा रबरी लेप इतक्या पावसाळ्यांत एवढा चिकट झाला आहे की हातात घेतले की बोटांना काळे लागते.

माझी अडचण अशी आहे. डिझाइनविषयक लिखाणात ही सगळी कहाणी एका वाक्यात आटोपली जाते: अनेकांनी किचकट यंत्रे बनवली, मग ॲपलने चाक लावून सोपे यंत्र बनवले आणि बाकीचे हरले. ही चारही यंत्रे आठवडाभर वापरल्यावर मला हे वाक्य पटेनासे झाले आहे. लोलकाच्या आकाराचे यंत्र खिशात न बघता चालवता येते. उलट त्या आयपॉडची चार बटणे स्पर्शाची असल्यामुळे खिशात हात घातला की नको ते बटण लागते. म्हणजे विजेत्याचेही सगळे बरोबर नव्हते आणि हरलेल्यांचेही सगळे चुकलेले नव्हते. मग स्पर्धेने नेमके काय घडवले? कोणती कल्पना कुणाला उत्तर म्हणून आली आणि कोणती निव्वळ सुट्या भागांच्या उपलब्धतेमुळे आली? ज्यांनी ही यंत्रे वापरली, उघडली किंवा त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिले, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कर्वेनगरकर:

मृण्मयीताई, तुमची शंका रास्त आहे. मी एम्बेडेड सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात बरीच वर्षे आहे आणि जुन्या प्लेअरवर रॉकबॉक्स हे खुले फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारे आतले सॉफ्टवेअर, चढवण्याचा मला फार वर्षांपासून छंद आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की या यंत्रांचा आकार आधी साठवणुकीच्या भागाने ठरवला आणि त्यानंतर डिझायनरने. तुमच्या प्रदर्शनात यंत्रांशेजारी त्यांच्या पोटातील साठवणुकीचा भाग ठेवता आला, तर अर्धी गोष्ट तिथेच सांगून होईल.

सुरुवात १९९८ पासून करू. त्या वर्षी दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचे एमपीमॅन आले आणि पाठोपाठ अमेरिकेच्या डायमंड कंपनीचे रिओ पीएमपी३००. दोन्हींत ३२ मेगाबाइट फ्लॅश मेमरी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवरची साठवणूक, होती. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक मेगाबाइट लागतो, म्हणजे जेमतेम अर्धा तास. एक नीट रंगलेला ख्यालसुद्धा त्यात पुरा बसत नव्हता. तरीही अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने रिओची विक्री थांबवण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. जून १९९९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने रिओच्या बाजूने निकाल दिला आणि आपल्या संगणकावरील गाणी आपल्याच खिशातील यंत्रात नेण्याची वाट मोकळी झाली. हा निकाल उलटा लागला असता तर पुढची स्पर्धा कशी झाली असती याचा मला अंदाज करवत नाही. माझ्या मते तुमच्या भिंतीवर या प्रकरणाला चाकाइतकीच जागा मिळायला हवी.

पुढे १९९९ मध्ये कॉम्पॅकच्या संशोधकांनी लॅपटॉपची अडीच इंची हार्डडिस्क वापरून ४.८ गिगाबाइटचे पर्सनल ज्यूकबॉक्स तयार केले आणि ते हँगो या कोरियन कंपनीमार्फत विकले गेले. २००० मध्ये क्रिएटिव्हचे सहा गिगाबाइटचे नोमॅड ज्यूकबॉक्स आले. म्हणजे शंभराच्या वर सीडी एका यंत्रात घालून फिरण्याची कल्पना आयपॉडच्या आधी बाजारात होती. अडचण दोन ठिकाणी होती. अडीच इंची डिस्कमुळे नोमॅड सीडी प्लेअरएवढे मोठे झाले होते, त्यामुळे ते झोळीत मावायचे, खिशात नाही. दुसरी अडचण तारेची. त्या वेळच्या यूएसबीचा वेग कागदावर सेकंदाला १२ मेगाबिट. सहा गिगाबाइट भरायचे तर तो पूर्ण वेग मिळाला असता तरी तासाच्या वर वेळ गेला असता, आणि पूर्ण वेग कधीच मिळत नसे.

या दोन्ही अडचणींवर २३ ऑक्टोबर २००१ रोजी एकदम उत्तर आले. तोशिबाने १.८ इंची, पाच गिगाबाइटची डिस्क बनवली होती. ॲपलच्या जॉन रुबिनस्टाइन यांनी ती २००१ च्या सुरुवातीला जपानमध्ये पाहिली आणि तिचा उपयोग त्यांच्या लगेच लक्षात आला. तारेसाठी फायरवायर घेतले, ज्याचा वेग ४०० मेगाबिट होता. एक हजार गाणी दहा मिनिटांच्या आत भरतील, असा कंपनीचा दावा होता. मुख्य चिप पोर्टलप्लेअर या कंपनीची होती आणि मेन्यू चालवणारे सॉफ्टवेअर पिक्सोचे. म्हणजे यंत्राच्या पोटातले बरेच काही बाहेरून आणलेले होते. किंमत ३९९ डॉलर, आणि सुरुवातीला ते फक्त मॅकला जोडता येत असे.

एक बारकावा मुलांना नक्की दाखवा. फिरती डिस्क सतत चालू ठेवली तर बॅटरी फार लवकर आटोपते आणि चालताना धक्का बसला तर गाणे अडखळते. म्हणून त्यात ३२ मेगाबाइटची तात्पुरती मेमरी होती. डिस्क काही सेकंद फिरून सुमारे वीस मिनिटांचे संगीत तिथे ओतायची आणि झोपी जायची. आयपॉड कानाशी धरले तर ही कुजबुज ऐकू येते: आधी घुर्र असा बारीक आवाज, एक हलकी टिकटिक आणि मग बराच वेळ शांतता. रिओमध्ये जेवढी मेमरी गाणी साठवायला होती, तेवढीच इथे नुसत्या बफरसाठी होती, हे मला आजही विलक्षण वाटते.

चाकाचे महत्त्व मी नाकारत नाही. पाच-पन्नास गाण्यांसाठी वर-खाली बटणे पुरतात, हजार गाण्यांसाठी नाही. बोट जोरात फिरवले की यादी अधिक वेगाने सरकते आणि बोट मंदावले की यादीही मंदावते, ही गोष्ट डिस्क मोठी झाल्यामुळेच आवश्यक झाली. तुमच्याकडील चार लाल बटणे ही त्याच कंपनीची उणी बाजू होती आणि ती त्यांनी लवकर सुधारली. जानेवारी २००४ मध्ये आयपॉड मिनी आले. त्यात एक इंची डिस्क होती आणि दर्शनी बाजूला बटणांच्या ओळीसाठी जागाच उरली नव्हती, म्हणून बटणे चाकाखाली गेली. दाबल्यावर बोटाला कळणारे ते चाक मग सगळ्या मोठ्या आयपॉडवर आले. जागेच्या टंचाईतून निघालेले हे उत्तर मूळ रचनेपेक्षा सरस ठरले.

आणि सप्टेंबर २००५ मध्ये मिनीच्या जागी आयपॉड नॅनो आले तेव्हा त्यातून फिरती डिस्कच गेली. त्याच वर्षी ॲपलने सॅमसंग, तोशिबा, हायनिक्स, मायक्रॉन आणि इंटेल यांच्याशी फ्लॅश मेमरीच्या दीर्घ मुदतीच्या पुरवठ्याचे करार करून एकूण सव्वा अब्ज डॉलर आगाऊ देण्याचे जाहीर केले. त्यानंतर इतरांनी कितीही देखणा प्लेअर काढला, तरी तेवढ्याच मेमरीचा प्लेअर तेवढ्याच किमतीत देणे त्यांना जड गेले. हा भाग डिझाइनच्या पुस्तकांत येत नाही, पण मेज मोठे असले की ताटे अधिक मांडता येतात, हे खरे आहे.

षड्ज:

कर्वेनगरकरांनी पोटातील गोष्ट सांगितली, मी कानाची सांगते. मी गाणे शिकवते आणि २००४ पासून आजपर्यंत रियाजासाठी असे यंत्रच वापरत आले आहे. विजेत्या यंत्रात नसलेल्या दोन गोष्टींसाठी मी हरलेल्या कंपन्यांची कायमची ऋणी आहे, आणि प्रदर्शनात त्या दोन्ही ऐकायला मिळाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ए-बी रिपीट. आयरिव्हर, कोवॉन अशा कोरियन कंपन्यांच्या बहुतेक प्लेअरमध्ये हे बटण असायचे. एखाद्या जागेपाशी ते एकदा दाबायचे, ती जागा संपली की पुन्हा दाबायचे. मग तेवढाच तुकडा, तुम्ही थांबवेपर्यंत, फिरत राहतो. त्यांच्या देशात परकी भाषा शिकणारे विद्यार्थी हे मोठे गिऱ्हाईक होते, त्यांच्यासाठी ही सोय केली गेली. आमच्यासारख्यांना ती वरदान ठरली. माझ्या गुरुजींच्या बैठकींच्या कॅसेट मी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. त्यांच्या यमनमधल्या एका तानेत तीव्र मध्यमावरून पंचमाला स्पर्श न करता ते धैवतावर जातात. ती चार सेकंदांची जागा मी एका संध्याकाळी दोनशे वेळा तरी ऐकली असेल. कॅसेटवर असे करायचे तर फीत मागे नेताना दरवेळी जागा हुकायची आणि शेवटी फीतच ताणली जायची. काही प्लेअरमध्ये सूर न बदलता गती कमी करण्याचीही सोय होती. माझ्या बहिणीच्या आयपॉडमध्ये यातले काहीच नव्हते. ते यंत्र ऐकणाऱ्यासाठी उत्तम होते. शिकणाऱ्याचा विचार त्यात झालेला नव्हता.

दुसरी गोष्ट दोन गाण्यांमधील फटीची. सवाई गंधर्व महोत्सवात रात्र जागवलेल्या पुणेकरांना हे समजावून सांगावे लागणार नाही. विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होतो तेव्हा तानपुरा थांबत नाही, तबलजी ठेका बदलतो आणि गायक श्वासही न घेता नव्या बंदिशीचा मुखडा उचलतो. सीडीवर तिथे फक्त क्रमांक बदलतो, आवाज अखंड राहतो. त्याच सीडीचे एमपीथ्री केले की बरोबर त्या क्षणी तानपुरा तुटतो आणि एक मोकळी फट ऐकू येते. अर्ध्या तासाने चढत गेलेली मैफल अशा ठिकाणी जमिनीवर आपटते. रॉक संगीताच्या सलग ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्या पाश्चात्त्य श्रोत्यांचीही हीच तक्रार होती, असे मला नंतर कळले. रिओ याच नावाखाली २००३ मध्ये निघालेल्या कार्मा या प्लेअरमध्ये हा दोष नव्हता. आयपॉडला ही फट बुजवायला सप्टेंबर २००६ उजाडला. कार्मा काढणाऱ्या रिओने मात्र २००५ मध्येच हे काम बंद केले होते. ज्याने आमचे दुखणे आधी ओळखले तो बाजारातून आधी गेला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कर्वेनगरकर, ही फट नेमकी पडते कशामुळे, हे सोप्या शब्दांत सांगू शकाल का?

कर्वेनगरकर:

षड्जताई, एमपीथ्री आवाजाचे ठराविक लांबीचे तुकडे करून साठवते. एका तुकड्यात ११५२ नमुने, म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे, असतात. सीडीच्या दर्जाला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने असताना, तो साधारण २६ मिलिसेकंदांचा होतो. गाणे नेमके तुकड्याच्या शेवटी संपेल असे नसते, म्हणून उरलेली जागा शांततेने भरली जाते. शिवाय आवाज दाबण्याच्या प्रक्रियेत सुरुवातीलाही थोडी शांतता शिरते. त्यातच पुढची फाईल उघडायला यंत्राने वेळ घेतला की तीही भर पडते. लेम या खुल्या सॉफ्टवेअरने किती नमुने वाढवले याची नोंद फाईलच्या डोक्याशी ठेवायला सुरुवात केली. ती नोंद वाचून जादा भाग कापणारे आणि पुढची फाईल आधीच बफरमध्ये घेणारे फर्मवेअर असेल तर तानपुरा तुटत नाही. रॉकबॉक्स हे करते. तुम्हाला हवे असल्यास मृण्मयीताईंच्या प्रदर्शनासाठी एका जुन्या यंत्रावर ते मी चढवून देईन. एकाच मैफलीचे दोन भाग फटीसह आणि फटीविना शेजारी-शेजारी ऐकवता येतील.

तपकीर गल्ली:

माझे बुधवार पेठेत दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. पुस्तके आणि कंपन्यांची माहिती वरील दोघांना आहे. मी फक्त टेबलावर काय येत होते ते सांगतो.

आमच्या भागात २००५ ते २००९ या काळात जे प्लेअर सर्वांत अधिक विकले गेले, त्यांच्यावर मृण्मयीताईंच्या चौथ्या यंत्राप्रमाणे नावच नव्हते किंवा दर महिन्याला वेगळे नाव असायचे. आत चीनमध्ये तयार झालेली एकच चिप, बाहेरून हवे ते रूप. चाकाच्या जागी नुसती गोल चकती काढलेली असायची. ती फिरत नसे, चार बाजूंना दाबावी लागे. नक्कल होती हे खरे, पण गिऱ्हाइकाने मागितलेल्या ज्या सोयी मोठ्या नावाच्या यंत्रांत नव्हत्या, त्या यांच्यात होत्या. गिऱ्हाईक विचारायचे, एफएम आहे का, आवाज रेकॉर्ड होतो का, थेट पेन ड्राइव्हसारखे संगणकाला लावता येते का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता, कारण अनेकांच्या घरी संगणक नव्हता. सायबर कॅफेमध्ये जाऊन गाणी भरून आणायची असत आणि तिथे खास सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसे. सोनीचे सुरुवातीचे नेटवर्क वॉकमन देखणे व टिकाऊ होते, परंतु ते एमपीथ्री थेट वाजवत नसत; आधी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून त्यांच्या ॲट्रॅक या स्वरूपात फाईल बदलून घ्यावी लागे. वॉकमन या नावावर जीव असलेली मंडळी असा प्लेअर घेऊन आमच्याकडे यायची आणि तो बिघडला आहे असे समजून दुरुस्त करून मागायची. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसायचे.

आता बॅटरीविषयी. मृण्मयीताई, तुमच्या झेन मायक्रोचे मागचे झाकण सरकवून पाहा, बॅटरी हाताने निघते. आयरिव्हरचा पेन्सिल सेल तर कोणत्याही किराणा दुकानात मिळतो. बंद पेटीच्या यंत्रांत मात्र दोन-तीन वर्षांनी बॅटरी थकली की गिऱ्हाईक हवालदिल होऊन यायचे. एक निवृत्त गृहस्थ मला आठवतात; एका कंपनीच्या सेवा केंद्रात त्यांना सांगण्यात आले की हे यंत्र उघडता येत नाही, तुम्ही नवे घ्या. मी प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कड सोडवली, फुगलेली बॅटरी काढली आणि तशाच मापाची दुसरी डकवून दिली. ते यंत्र पुढे बरीच वर्षे चालले. गुळगुळीत, कुठेही फट नसलेली पाठ दिसायला सुंदर असते हे मान्य, पण तिची किंमत दोन वर्षांनी कळते, हे डिझाइन शिकणाऱ्या मुलांनी शिकले पाहिजे.

आयपॉड मिनीची गोष्ट मात्र उलट निघाली. त्यातील एक इंची डिस्कची जोडणी कॅमेऱ्याच्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डासारखीच असते. डिस्क खराब झाली की ती काढून तिथे कार्ड बसवले, मग संगणकाला लावून यंत्र रीस्टोअर केले की चालते, शिवाय धक्क्याने बिघडायची भीती जाते. आजही वर्षाकाठी दोन-चार मिनी माझ्याकडे येतात.

हे प्लेअर संपले ते एकमेकांमुळे नव्हे, फोनमुळे. २००५ पासून वॉकमन नावाचे सोनी एरिक्सन आणि मग नोकियाचे एक्सप्रेसम्युझिक फोन आले, आणि मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली. दुसरे यंत्र बाळगायचे कारणच उरले नाही.

मृण्मयी:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. तपकीर गल्लीकर, तुमच्या सांगण्यावरून झेन मायक्रोचे झाकण उघडून पाहिले. बॅटरी खरोखरच हातात आली आणि तिच्याखाली कुणीतरी कागदाची घडी घालून ती घट्ट बसवली होती.

आणखी एक शंका आहे. कलाकार, मग अल्बम, मग गाणे अशा उतरत्या क्रमाने यादी पाहण्याची पद्धत सगळ्याच यंत्रांत दिसते. ती मुळात कुणाची? की इथेही ज्याच्या हाती ससा तो पारधी?

कर्वेनगरकर:

इथे ससा आणि पारधी वेगळे होते आणि त्याचा हिशेबही झाला. क्रिएटिव्हने या पद्धतीसाठी जानेवारी २००१ मध्ये, म्हणजे आयपॉड येण्याच्या आधी, अमेरिकेत पेटंट मागितले होते. ते ऑगस्ट २००५ मध्ये मंजूर झाले. मे २००६ मध्ये क्रिएटिव्हने ॲपलवर दावा लावला, ॲपलनेही उलट दावे लावले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दहा कोटी डॉलर देऊन ॲपलने तडजोड केली. सिंगापूरच्या एका कंपनीने आधी सुचवलेली रचना कॅलिफोर्नियाच्या कंपनीने लोकप्रिय केली आणि मग तिचे मोल मोजले, असे मुलांना सांगता येईल. मायक्रोसॉफ्टचे झ्यून नोव्हेंबर २००६ मध्ये आले, तेव्हा मुख्य लढाई संपलेली होती. त्याची वायफायवरून गाणे देण्याची कल्पना मात्र नवी होती, जरी मिळालेले गाणे तीनदा ऐकल्यावर किंवा तीन दिवसांनी बंद पडत असे. त्यावर यापेक्षा अधिक वेळ घालवू नये, असे मला वाटते.

षड्ज:

मृण्मयीताई, माझा कोवॉन प्लेअर मी प्रदर्शनासाठी आनंदाने देईन. त्यात गुरुजींची ती यमनमधली तान भरून ठेवते. यंत्राशेजारी एवढेच लिहून ठेवा की ए-बीचे बटण तान सुरू होताना एकदा आणि समेवर येताना एकदा दाबावे. मुलांना पहिल्या दोन-तीन वेळा सम सापडणार नाही, बटण उशिरा दाबले जाईल. त्यांना घाई करू नका, पुन्हा दाबू द्या. हेडफोन तारेचाच ठेवा. कर्वेनगरकर रॉकबॉक्स चढवलेले यंत्र घेऊन येणार असतील, तर विलंबित आणि द्रुत असे दोन भाग असलेली माझी एक सीडी त्यांनी आधी माझ्याकडून न्यावी, म्हणजे दोन्ही नमुने एकाच मैफलीचे होतील.